‘स्पेलबाउंड’मधला नायक खुनाचा आळ स्वतःवर का ओढवून घेतो?

प्रश्न (परभणीहून)
काल हिचकॉकचा ‘स्पेलबाउंड’ (१९४५) पाहिला. ग्रेगरी पेकला स्वतःचं नावसुद्धा आठवेना, तरी ‘डॉ. एडवर्ड्‌सला मीच मारलं’ हे धरून बसलाय. ज्याला काहीच आठवत नाही त्याला खून कसा आठवतो? आणि टेबलक्लॉथवर काट्यानं ओढलेल्या रेघा बघून एवढं बिथरायचं काय कारण? मला तर ही पटकथेची सोय वाटायली. कुणी नीट सांगेल का?

उत्तर १ (लोहारा तालुका)
दादा, मला तर तेच सगळ्यात खरं वाटलं.

माझी आत्या सास्तूरला दिलेली. किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. विसर्जनाहून उशिरा आलेली आत्या अंगणातच आडवी झाली. लेकराला मात्र म्हणाली, ‘गार लागंल, आत आजीपाशी जा.’ दगडमातीच्या भिंती, वर माळवद. आतलं कुणीच राहिलं नाही.

त्या पहाटेचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. मदतीला कोण आलं, लेकराला कुणी उचललं, सगळं कोरं. पण ‘मीच मारलं त्याला’ हे ती वर्षानुवर्षं म्हणत आली. आजही शेजारच्या बांधकामावर ट्रॉलीतून दगड ओतले की तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर पळते. भाकरी जळून काळी होते, तिला पत्ता नसतो.

पेकच्या रेघा म्हणजे बर्फावरच्या स्कीच्या खुणा; एडवर्ड्‌स तिथंच कड्यावरून गेला. त्याच्याही खाली लहानपणीचा भाऊ आहे, याचा धक्का लागून कुंपणाच्या टोकदार गजांवर पडलेला. ते ओझं आधीपासून छातीवर होतंच. दुसरा माणूस डोळ्यांदेखत मेला आणि तोही त्यानं आपल्याच नावावर मांडून घेतला.

उत्तर २ (नांदेड, मानसोपचार वॉर्डात नर्स)
ताई, अगदी बरोबर. फक्त सिनेमात भाऊ आठवला अन् माणूस तिथंच मोकळा झाला, तसं वॉर्डात होत नाही. आठवण परत आली की काही जण उलट जास्त ढासळतात. म्हणून आत्याला ‘आठव, आठव’ म्हणून कुणी मागं लागू नका.

परभणीहून
ताई, उलगडलं. आत्यांना कुठं दाखवलंय का?

लोहारा तालुका
नाही दादा. ‘मला काय येड लागलंय का’ म्हणते.

नांदेड
मग आधी तुम्हीच १४४१६ वर बोला. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. त्यांना ट्रॉलीच्या आवाजाचं नक्की सांगा.