म्हातारा बैल दावणीलाच ठेवायचा की देऊन टाकायचा?

घोटीकडचा: इगतपुरी तालुक्यात आमची भातशेती आहे, घरी एक डांगी बैल, 17 वर्षांचा, दात झिजलेत, औताला जुंपणं कधीच बंद केलंय. जोडीतला दुसरा गेला. धाकटा भाऊ म्हणतो गोशाळेत देऊन टाकू, चिखलणी आता पॉवर टिलरनं होतेय तर याला कशाला पोसायचं. मी म्हणतो नाही द्यायचा. डांगी म्हणजे आमच्या पावसासाठीच घडलेलं जनावर, कातडी तेलकट म्हणून पाणी निथळून जातं, खूर काळे नि टणक, भर पावसात दिवसदिवस चिखल तुडवून यानं आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, काढली, बहिणीचं लग्न त्याच भातावर झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप चोळून 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं आणि खांदा थकला की दावं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

निफाडचा बागायतदार: भाऊ तुमची माया समजते पण आपले आजोबा काय करायचे ते आठवा. बैल पार थकायच्या आत बाजारात न्यायचे, वर थोडे पैसे घालून गोऱ्हा आणायचे, कुणाला त्यात पाप वाटलं नाही. राज्याच्या 1976 च्या कायद्यात बंदी गाईच्या कत्तलीला होती, 2015 पासून बैलही कत्तलीला देता येत नाही, म्हणून थकलेल्या बैलाला गिऱ्हाईकच राहिलं नाही. मग शेतकरी हिशोब करतो, आयुष्यभर पोसायचंय तर घ्यायचंच कशाला? आमच्या वस्तीवर निम्मी घरं पोळ्याला मातीचे बैल पुजतात. तुम्ही म्हातारा सांभाळाल हो, नवा गोऱ्हा कोण घेणार?

सिन्नरची सून: दोघं बैलाबद्दल बोलताय, शेण कोण काढतं ते कुणी बोलेना. सासऱ्यांनी असाच एक ठेवलेला, तीन वर्षं. मे महिन्यात टँकरचं पाणी, माणसांना हंडे मोजून आणि त्याला बादल्या, त्या मी वाहिल्या. शेवटी शेवटी बसला की उठायचाच नाही, चौघं लागायचे, एका कुशीवर पडून जखमा झाल्या, त्या मीच धुतल्या. गेला तेव्हा मला दोन दिवस घास गेला नाही हेही सांगते. ठेवा, पण जिला करायचंय तिला आधी विचारा.

घोटीकडचा: ताई, आईला विचारलंच नव्हतं मी, खरंय. नाशकात बसून लिहित होतो. आत्ता फोन केला, ती म्हणाली पाणी मी पाजीन पण पेंढा डोक्यावरनं आणणं आता होत नाही. तर दर शनिवार-रविवार गोठा माझ्याकडं, भावाला तसं सांगितलंय. निफाडकर, नफ्यातोट्याचं तुमचं खोडता येत नाही मला, पण ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं त्याची वैरण मी तोट्यात धरत नाही.

निफाडचा बागायतदार: म्हाताऱ्याचं मान्य. गोऱ्ह्याचं उत्तर राहिलंच की. तुमच्या पट्ट्यातच कुणी डांगी जुंपला नाही तर ही जात टिकणार कुठं?