सरपणाची वखार, रंधा आणि मोबाइल: तुमचे अनुभव सांगा

औसा रस्ता, लातूर (वखार)

आमची सरपणाची वखार आजोबांनी टाकलेली. पत्र्याचं शेड, शेजारी धर्मकाटा आणि रस्त्याकडेला बाभळीचे ओंडके. घरोघरी गॅस आला, पाणी तापवायचे बंब गेले, तेव्हा वडिलांनी जागा विकायची बोलणीही केली होती. वाचवलं ते ढाब्यांनी. ‘चुलीवरचं मटण’ ही पाटी आता जिथं तिथं दिसते, लग्नाचे आचारी तर आहेतच. पण त्यांना आमचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून तीन वर्षांपूर्वी मोबाइल हातात घेतला.

पहिला फोटो टाकला तो अख्ख्या ढिगाचा. दिवसभरात कितीतरी जणांनी ‘भाव?’ विचारला, सांगितला की गायब. एक जण म्हणाला, “मालक, ढीग तर सगळ्यांकडंच असतोय.” ते डोक्यात बसलं. मग ओलावा मोजायचा छोटा मीटर मागवला. ओंडका वरून कोरडाच दिसतो, म्हणून तो फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला मीटरच्या दोन सुया टोचायच्या. आकडा 17 आला, म्हणजे 17 टक्के ओलावा, लाकूड वाळलेलं. त्याचाच फोटो टाकला. त्या आठवड्यात तीन ढाबेवाले आले आणि एकानंही भावावरून घासाघीस केली नाही. (पुढच्या आठवड्यात केली. ढाबेवालेच ते.)

त्याच नादात मार्चमध्ये ताज्या सुबाभळीचे 100 किलो तुकडे फोडून पत्र्याखाली वेगळे रचले. मे संपता संपता काट्यावर टाकले तर 61 भरले. म्हणजे ओलं लाकूड क्विंटलवर विकणारा त्यातलं 39 किलो पाणी विकत होता, आणि इतकी वर्षं तो मीच होतो. आता ओल्याचा आणि वाळल्याचा असे दोन भाव लिहितो, खाली कारणही लिहितो.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कुऱ्हाडीनं फोडणारे गडी मिळेनात, फोडायचं मशीन घ्यायचंय. आणि धाकटा भाऊ सुतारकाम शिकून आलाय, त्याला अर्ध्या शेडमध्ये वर्कशॉप टाकायचंय. रोज एका नव्या मशीनचा व्हिडिओ दाखवतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. काय चुकलं ते आधी, काय जमलं ते नंतर.

भूम, धाराशिव (खवा भट्टी)

मी विकणारी नाही, घेणारी. आमच्याकडं घरोघर खव्याच्या भट्ट्या, तेव्हा लाकडाची पारख आम्हाला करावीच लागती. दूध आटवताना आच एकसारखी पाहिजे. ओलं लाकूड धुमसतं, मग आपण जास्त लाकडं सारतो, ती एकदम पेटली की खवा कढईच्या बुडाला लागतो. एक किलो खव्याला म्हशीचं चार-पाच लिटर दूध जातं. धुराचा वास धरला की व्यापारी वास घेऊन अख्खा घाणा बाजूला सारतो. दूध गेलं, लाकूड गेलं, दिवस गेला.

फोटो बघून दोनदा फसले. फोटो उन्हाळ्यातला, माल पावसाळ्यातला. आता मी सांगते, गाडी भरताना व्हिडिओ काढा आणि दोन ढलप्या एकमेकीवर आपटून आवाज ऐकवा. वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं धप् करतं. आणखी एक. तुकड्याची लांबी कुणी लिहीतच नाही. माझ्या भट्टीचं तोंड दीड फुटाचं, पाठवतात तीन फुटी. मग आमचे हे करवत घेऊन बसतात.

संभाजीनगर (वडिलांची वखार, ऑनलाइनचं सगळं मी बघते)

पप्पांच्या वखारीची नोंद गूगल मॅपवर मी केली. पिन टाकताना घाई झाली आणि ती शेजारच्या स्मशानभूमीच्या फाटकावर पडली. पंधरा दिवस गिऱ्हाईकं तिथं जाऊन फोन करत होती. तेव्हा पिन टाकायला स्वतः जागेवर उभं राहा.

लोक शोधतात कोणत्या शब्दानं, ते बघा. जुने लोक ‘सरपण’, ‘लाकूड वखार’. ‘जळाऊ लाकूड’ शोधणारा बहुतेक मोठं कंत्राट घेऊन येतो. आणि ‘फायरवूड’ लिहिणारे म्हणजे पिझ्झाची भट्टी असलेले कॅफे, रिसॉर्टवाले. हे क्विंटलमध्ये बोलतच नाहीत, पोत्यात मागतात. त्यांच्यासाठी एक फुटी बारीक फोड 20 किलोच्या पोत्यात भरायला लागलो. क्विंटलमागे सगळ्यात जास्त सुटतं ते ह्याच मालात.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग लावा: लाकडाची जात, लांबी, वाळवण, भाव. ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून माल उतरवताना आमचा ड्रायव्हर मामा आधी नंबर सेव्ह करून घेतो, पैसे मग.

एक चूक मात्र अजून टोचते. आपोआप जाणारा मेसेज लावला होता, ‘नमस्कार! आमच्याकडे सर्व प्रकारचे लाकूड योग्य दरात मिळेल, आपला दिवस शुभ जावो.’ एकदा पहाटे साडेचारला एकांनी लिहिलं, वडील गेले, लाकूड पाहिजे. त्यांना उत्तर गेलं, आपला दिवस शुभ जावो. पप्पांनी सकाळी ते वाचलं आणि काही न बोलता गाडी भरायला घेतली. त्या दिवशीच तो मेसेज काढला. रात्री फोन आता पप्पांच्या उशाशी असतो.

बीड (वखार)

थोडक्यात लिहितो, कारण लाज वाटते. फोन आला, हिंदीतून, ‘मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पला दोन टन लाकूड पाहिजे, आगाऊ रक्कम पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवला. 9,800 रुपये गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माझ्या नववीतल्या पोरीनं सांगितलं. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. तुम्ही ती वेळच येऊ देऊ नका.

जालना (फॅब्रिकेशन)

फोडायच्या मशीनबद्दल बोलतो, चार बनवली आहेत. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक शंकूसारखा फिरता स्क्रू, तो ओंडक्यात घुसून तो फाकवतो. स्वस्त, आणि व्हिडिओत फार झोकात दिसतो. गडी हातानं ओंडका त्यावर ढकलतो. मी एकच बनवलं. चाचणीच्या दिवशी गाठाळ बाभळीत स्क्रू अडकला आणि आख्खा ओंडका गरगर फिरला, माझ्या भाच्याच्या सदऱ्याची बाही उसवून घेऊन गेला. हात वाचला तो सदरा जुना होता म्हणून. ते मशीन मी भंगारात घातलं.

दुसरं हायड्रॉलिक, तेलाच्या दाबानं दांडा पुढं जातो आणि पाचर ओंडक्यात घुसते. ह्यात ‘इतके टन’ लिहिलेलं असतं, त्यावर डोळे झाकून जाऊ नका, हिशोब करा. 4 इंची बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ 81 चौरस सेंटिमीटर. 150 बार दाब दिला की जोर होतो साधारण 12 टन. फूटभर जाडीच्या सरळ बाभळीला तो पुरतो, चिंचेच्या बुंध्याला नाही. आता वेग. मिनिटाला 20 लिटर देणारा पंप असेल तर 2 फुटाचा दांडा पुढे जायला 15 सेकंद लागतात, परत यायला थोडे कमी. गड्याला हे फार हळू वाटतं. पण वेग वाढवायचा तर पंप मोठा, म्हणजे मोटर मोठी. ह्या 20 लिटरलाच पूर्ण दाबावर साडेसात एचपी लागते. ट्रॅक्टर घरचा असेल तर त्याच्या हायड्रॉलिकवर चालणारं घ्या, विजेची कटकट नाही. आणि लिव्हर दोन पाहिजेत, दोन्ही हात गुंतल्याशिवाय पाचर हलताच कामा नये. गिऱ्हाईक म्हणतं, एक काढून टाका, काम लवकर होतं. मी काढत नाही.

उदगीर (सुतार)

औसेवाले अण्णा, भावाला सांगा, व्हिडिओ बंद कर आणि पुढच्या सहा महिन्यांत कोणती कामं मिळणार ते वहीत लिही. मी उलटं केलं. आधी राऊटर, म्हणजे लाकडावर नक्षी कोरायचं मशीन, घेतला, नक्षीच्या नादात. गावात गिऱ्हाईक आलं ते दार-चौकटीचं आणि बाजेच्या पायांचं. राऊटर वर्षभर खोक्यात.

पहिलं मशीन म्हणून 12 इंची कंबाइन घेतलं: रंधा, गोल करवत आणि ड्रिल एकाच शाफ्टवर. एकट्या माणसाला ते ठीक. पण करवतीवरून रंध्यावर यायचं म्हणजे टेबल खाली-वर, गार्ड काढा, पुन्हा गुण्या लावा. दुसरा कारागीर ठेवला त्या दिवसापासून एक जण काम करतो, दुसरा तंबाखू मळतो. आज घेतलं तर करवत वेगळी घेईन आणि रंधा वेगळा, भले दुसरं सहा महिन्यांनी.

जुनं मशीन मिळालं तर पट्टा काढून कटरब्लॉक (रंध्याची पाती बसवलेला गोल दांडा) हातानं फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. शाफ्ट वर-खाली हलला तर हात जोडा आणि घरी या. पुढच्या आणि मागच्या टेबलावर मिळून सरळ पट्टी आडवी धरा, खालून उजेड दिसला तर तो रंधा जन्मात सरळ फळी देणार नाही. बिडाचं टेबल पाहिजे, पत्र्याचं थरथरतं.

आमच्या भागात जुन्या माळवदाचं सागवान मिळतं. 1993 च्या भूकंपानंतर दगडमातीची घरं किती उतरवली गेली, लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको. लाकूड सोन्यासारखं, पण पोटात हातघडणीचे खिळे, डोकं गंजून गेलेलं, वरून दिसतच नाहीत. एका तुळईनं माझी तिन्ही पाती एका दमात खाल्ली. रंध्यातून ठिणगी उडाली तेव्हा कळलं. आता स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक इंचावरून फिरवतो. दोरा तिरका झाला की तिथं छिन्नी. पोरं हसतात. हसू द्या.

करवतीच्या पात्यामागं उभा फाळ नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून बसवून घ्या, चिरलेली फळी पात्यावर आवळून अंगावर येत नाही. उभ्या चिरायला 24 दाती पातं, प्लायला 60 दाती. आणि पैशाचं: पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत. 15,000 रुपयांची अवजारं, 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडलं की 2 लाख.

परभणी (निवृत्त वायरमन)

सगळे मशीनचंच बोलत आहेत, विजेच्या खांबाचं कोणी बोलत नाही. 3 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना 15 अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज 170 ला आलेलं मी स्वतः मोजलंय. तेव्हा मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. लोक मशीनवाल्याला शिव्या देतात. आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ व्होल्टेज लिहून काढा, मग मोटर ठरवा. शक्यतो थ्री फेज घ्या. विहिरीच्या लाइनवरून वायर ओढू नका. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणं म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, वीज कायदा 2003, कलम 126.

स्टार्टर असा पाहिजे की वीज गेली की तो सुटेल. लोडशेडिंगमध्ये माणूस पात्यातला भुसा काढायला हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते. मी दोन बोटं नसलेले तीन सुतार ओळखतो.

किनवट, नांदेड

जुना बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची मोठी करवत) स्वस्तात मिळाला म्हणून आणला आणि दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय. बँड सॉ बसवला की आरागिरणी झाली, वनखात्याचा परवाना पाहिजे, आणि 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून नवीन परवाना म्हणजे सोपी गोष्ट राहिलेली नाही. आधी कागद, मग मशीन. वखारवाल्यांनी हेही बघा की आंबा, चिंच, जांभूळ, साग ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं आहेत. शेतकऱ्याच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. ‘चिंचेचं लाकूड मिळेल’ असा फोटो टाकला की पहिला फोन गिऱ्हाइकाचाच येईल असं नाही.

औसा रस्ता, लातूर (वखार)

स्क्रूवाल्या मशीनचा विचार सोडला, ट्रॅक्टर घरचाच आहे. भावाला उदगीरच्या दादांचं वाचून दाखवलं. तो म्हणतो, राऊटर लहानच घेतो. काल रात्री काट्यापाशी व्होल्टेज मोजलं, 184.

भूम, धाराशिव (खवा भट्टी)

दादा, ते सगळं होत राहील. बाभूळ, दीड फुटी, 17 आकड्याची, एक टेम्पो आमच्याकडं कधी येतोय?

औसा रस्ता, लातूर (वखार)

ताई, भूमपर्यंत भाडंच लाकडाएवढं होईल, तुम्हाला परवडायचं नाही. येरमाळ्याकडं आमच्या ओळखीचा एक जण वाळवून विकतो, त्याचा नंबर पाठवतो. दीड फुटाचं आधीच सांगून ठेवतो. आणि उतरवून घेताना आपटून आवाज ऐका, त्याचा असला तरी.