पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि ऊसतोडीला जाणारी पोरं

दिवाळीला शाळेतल्या शिक्षकांना काय द्यावं आणि गरजू मुलांना कशी मदत करावी, यावर इथे चर्चा चालू आहे. त्यातली, वर्गशिक्षकांना मुलांनी स्वतः केलेलं भेटकार्ड द्यावं, ही सूचना मनापासून पटली. पण जिल्हा परिषद शाळांचा विषय निघालाच आहे तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विसरू नका. केंद्राच्या निकषानुसार त्यांचं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिनेच. राज्याने त्यात भर घातली, तरी तेवढ्यात घर चालत नाही. आमच्या गावात पालकांनी वर्गणी काढून त्यांना साडी आणि फराळाचं सामान दिलं, सगळ्या शाळेसमोर, हेडसरांच्या हस्ते. सगळ्यांसमोर देणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मुलांच्या मदतीबद्दल इथे फराळ आणि नव्या कपड्यांवरच बोलणं झालंय. आमच्या बीडकडे ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागेच निघतात. सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा पटावरची बरीच पोरं आईबापांसोबत उसाच्या फडावर असतात. हंगामी वसतिगृहाची, म्हणजे ऊसतोडीच्या काळात गावातच मुलांच्या जेवणाची, सोय असेल तर ती आजी-आजोबांकडे राहून, दोन वेळ जेवून शिकू शकतात. पण त्यासाठी गुरुजींना सुट्टीआधीच वस्त्यांवर फिरून याद्या कराव्या लागतात, आईबापांना समजवावं लागतं. पोरगी वयात येत असली की आई तिला मागे ठेवायला घाबरते, आणि ते साहजिकच आहे. अशा वेळी गावातल्या एखाद्या जाणत्या बाईने गुरुजींसोबत जावं. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्याची, उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या घरात सरकारी कागदापेक्षा तिचा शब्द लवकर पटतो.