सीए ऑफिसचा फाइल सर्व्हर: डेबियन टाकू की अल्मा?

कृष्णाकाठ
सांगलीतल्या एका सीए ऑफिसचं काम बघतो. दहा-बारा माणसं, सगळी विंडोजवर. फाइल सर्व्हरवर अजून सेंटओएस ७ (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट नक्कल) आहे. त्याचे अपडेट ३० जून २०२४ला बंद झाले, तरी रेटतोय. काम एवढंच: सांबाने (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) फोल्डर शेअर करायचे आणि रात्री बॅकअप घ्यायचा. टॅली वेगळ्या पीसीवर आहे, त्याला हात लावणार नाही. विंडोज सर्व्हर नको, माणशी कॅल (वापराचं लायसन्स) घ्यायला साहेब तयार नाहीत. मशिन आयव्ही ब्रिज झिऑन, १६ जीबी रॅम. डेबियन आणि अल्मा दोन्ही फुकट लिनक्स, अल्मा सेंटओएसच्याच रेड हॅट घराण्यातलं. माझा कल डेबियन १३कडे. कोणाची हरकत?

लालटोपी
माझी आहे. डेबियनचं एक व्हर्जन एलटीएस (लांब मुदतीचे अपडेट) धरून पाच वर्षं. अल्मा ९ला २०३२च्या मेपर्यंत अपडेट मिळणार. छोट्या ऑफिसात सर्व्हर एकदा बसला की कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तुमचं सेंटओएसच बघा की. पाच वर्षांनी तुम्ही तिथे नसलात तर अपग्रेड कोण करणार, शिपाई?
अल्मा किंवा त्याचं भावंड रॉकी, यांचं १० टाकायचं असेल तर मात्र जपून. रॉकी १०ला एव्हीएक्स२ ही सोय असलेला प्रोसेसर लागतो, आयव्ही ब्रिजमध्ये ते नाही. अल्माने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी बिल्ड ठेवली आहे.

पेठेतला_पेंग्विन
ही लांबलचक मुदत कोणाच्या जिवावर, टोपीवाले? सेंटओएस ८लाही २०२९पर्यंतचा शब्द होता. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की २०२१ संपताना तेही संपणार. ज्यांनी आदल्याच वर्षी ७वरून ८वर उडी मारली होती ते तोंडघशी पडले आणि ७वर बसून राहिलेले वाचले! मग जून २०२३मध्ये अल्मा, रॉकी ज्यावरून बांधतात त्या सोर्स कोडची वाट रेड हॅटने आवळली. डेबियन १९९३पासून आहे आणि त्याला मालक कंपनीच नाही, त्यामुळे एका बैठकीत गाशा गुंडाळला असं होत नाही.
शिवाय रेड हॅट घराण्यातलं एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांवरचा जादा पहारा. शेअर केलेला फोल्डर विंडोजवर दिसतो, उघडला की परवानगी नाही. सीएचमॉड ७७७ करून सगळ्यांना सगळी परवानगी दिली तरी तेच. शेवटी माणूस वैतागून एसईलिनक्सच बंद करतो.

लालटोपी
फोल्डरला 'सांबा_शेअर_टी' लेबल लावायचं आणि ते लागू करायला रिस्टोअरकॉन चालवायचं. दोन कमांड. तेवढं वाचायचा कंटाळा म्हणून कुलूपच काढून टाकायचं? आणि २०२०चं रडगाणं पुरे. अल्मा त्या दणक्यातूनच उभं राहिलं. २०२३नंतर त्यांनी रेड हॅटची हुबेहूब नक्कल सोडली आणि फक्त सुसंगतता राखायचं ठरवलं. सोर्स आवळूनही त्यांचं काही अडलं नाही.

बीएसडीबाबा
तुमचं चालू द्या, पण मूळ धोक्यावर दोघेही बोलत नाही आहात. ऑडिटच्या घाईत कोणीतरी 'इन्व्हॉइस' नावाची अटॅचमेंट उघडणार आणि रॅन्समवेअर त्याच्याच लॉगिनने शेअरवरच्या फाइल्स लॉक करणार. एसईलिनक्सच्या लेखी ते रीतसर लिखाण, डेबियनच्याही. तिथे झेडएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, लागतात. दर तासाला एक घ्या. ते वाचता येतात, पण विंडोजच्या पीसीवरून बदलता येत नाहीत. सांबाचं शॅडो कॉपी मॉड्यूल लावलं की फाइलवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये दुपारी बाराची प्रत दिसते. आर्टिकलशिपची पोरंसुद्धा स्वतः परत आणतील. फ्रीबीएसडीत (लिनक्स नसलेली वेगळी फुकट सिस्टिम) झेडएफएस मूळ सिस्टिममध्येच येतं. डेबियनमध्ये लायसन्सच्या तंट्यामुळे कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला की डीकेएमएस या साधनाने झेडएफएसचं मॉड्यूल पुन्हा बांधत बसा.

पेठेतला_पेंग्विन
स्नॅपशॉटचं शंभर टक्के मान्य. पण फ्रीबीएसडी? ट्रूनॅस या स्टोरेज सिस्टिमवाल्यांनीच फ्रीबीएसडी सोडून डेबियनचा पाया धरला. रात्री नऊला बंद पडलं तर सांगलीत कोणाला फोन लावणार, बाबा?

बीएसडीबाबा
मला. आणि ते कंटेनर आणि व्हर्च्युअल मशिनच्या नादाने गेले, फाइल शेअरिंग जमत नव्हतं म्हणून नाही.

मधलीगल्ली
उबुंटू (कॅनॉनिकल कंपनीचं लिनक्स) एलटीएस घ्या आणि भांडण मिटवा. झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलबरोबर तयार येतं, आणि उबुंटू प्रो वैयक्तिक खात्यावर पाच मशिनपर्यंत फुकट, दहा वर्षं अपडेट.

लालटोपी
वैयक्तिक खात्यावर! म्हणजे पुन्हा एका कंपनीच्या मर्जीवर. मग पेंग्विनरावांचं मालकपुराण कुठे गेलं?

कृष्णाकाठ
डेबियनच टाकतो, झेडएफएससकट. डीकेएमएसचं मॉड्यूल बांधलं गेलं नाही तर जुना कर्नल बूट करता येतो, एवढं मला पुरे. पाच वर्षांचं लालटोपींचं म्हणणं खरं आहे, म्हणून अपग्रेडचं काम एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) लिहूनच घेणार. २० तारखेचं जीएसटीचं ३बी रिटर्न झालं की शनिवारी बसतो.

बीएसडीबाबा
थांबा. रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच दाखवणारं कार्ड, आहे का त्या मशिनला? असेल तर त्याचं रेड मोडून डिस्क थेट झेडएफएसला दिसायला हव्यात. आणि तसं करताना डिस्कवरचा डेटा जातो, तेव्हा बॅकअप दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघितल्याशिवाय शनिवार ठरवू नका.