ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय पण दुखत काहीच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

माझं वय ३४. गेले तीन-चार महिने सकाळी ब्रश करून चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसतं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी नक्की. दुखत नाही, ठणकत नाही, गार-गरम लागत नाही, कुठल्याच दाताला कीड नाही. त्यामुळे आधी वाटलं ब्रश कडक असेल म्हणून सॉफ्ट आणला, तरी तेच. मग जिथून रक्त येतं तिथे ब्रश हलकेच फिरवायला लागले, आणि आता खरं सांगायचं तर खाली डावीकडच्या दाढांना मी ब्रश जवळजवळ लावतच नाही.

भीती वाटायचं कारण आई. तिचे दात कधी किडले नाहीत, याचा तिला केवढा अभिमान होता. पन्नाशीनंतर एक दात हलायला लागला, मग शेजारचा, आणि दोन वर्षांत चार दात काढावे लागले. काढलेले दात अगदी धड होते, कीड नाही की काही नाही. डॉक्टर म्हणाले दात चांगलेच आहेत पण त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलं. आणि आईला या सगळ्यात एकदाही दुखलं नव्हतं, म्हणून ती कधी दाखवायलाच गेली नाही. हे डोक्यातून जात नाही माझ्या.

तर विचारायचं हे की रक्त येतंय म्हणजे पायोरिया झालाच का, की अजून वेळ आहे? घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि घरात सगळे म्हणतात दात साफ करून घेऊ नकोस, मशीनने दात ढिले होतात, फटी पडतात. हे खरं आहे का? माउथवॉशने भागेल का?

---

प्रतिसाद १

मी दातांची डॉक्टर आहे. तुम्हाला न बघता निदान करता येणार नाही, पण तुमच्या प्रश्नांत जे गोंधळलंय ते सोडवायचा प्रयत्न करते.

हिरडीच्या आजाराचे दोन टप्पे. पहिल्यात फक्त हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. याला आम्ही जिंजिव्हायटिस म्हणतो आणि तो पूर्ण बरा होतो, मागे काही ठेवत नाही. दुसऱ्यात सूज आत उतरते, दाताला धरून ठेवणारे धागे आणि हाड झिजायला लागतं, तो पेरिओडोंटायटिस, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो. तो थांबवता येतो पण गेलेलं हाड सहसा जसंच्या तसं परत येत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात पकडायचं. आणि तुमच्या आईंना दुखलं नाही ते तसंच होतं बहुतेकांचं, हा आजार दुखत नाही म्हणूनच वाढतो.

आता तुम्ही जे करताय ते प्लीज आजपासून थांबवा, म्हणजे रक्त येतं तिथे ब्रश न लावणं. रक्त ब्रशमुळे येत नाही, तिथे हिरडीच्या कडेला जो मऊ पांढरट थर, प्लाक, साचलाय त्यातल्या जिवाणूंमुळे हिरडी सुजलीये म्हणून येतं. तुम्ही ती जागा सोडलीत की थर वाढतो, अजून सूज, अजून रक्त. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि साफसफाई परत सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तेव्हा सॉफ्ट ब्रश हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका, साधारण ४५ अंशात टेकवा, जागच्या जागी बारीक हलवा, रेटू नका. आणि दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होतच नाही, त्यासाठी फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, आणि फट असेल तर तिच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश, दिवसातून एकदा. सुरुवातीला तिथूनही रक्त येईल, घाबरून सोडू नका, फक्त सूज असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत कमी व्हायला लागतं.

पण यावरून टप्पा कळत नाही, त्यासाठी तपासणी लागते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक काडी दात आणि हिरडीच्या मधे हलकेच सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक, ४ आणि पुढे लक्ष द्यायचं, आणि गरज पडली तर एक्सरे काढून हाड बघायचं. आरशात तुम्ही बघू शकाल ते म्हणजे हिरडी गुलाबी-घट्ट आहे की लाल-फुगीर, दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, नवीन फट पडलीये का, तोंडाला वास येतो का. पण यातलं लांब दिसणं, फट पडणं, दात हलणं हे उशिरा होतं, त्याची वाट बघू नका.

स्केलिंगने, म्हणजे मशीनने दात साफ करण्याने, दात ढिले होत नाहीत. प्लाक काढला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं किटण होतं आणि ते ब्रशने निघत नाही. बऱ्याचदा तेच किटण फटीत बसलेलं असतं, ते काढलं की आधीपासून असलेली फट दिसते आणि लोकांना वाटतं मशीनने पाडली. काही दिवस दात शिवशिवतात, ते जातं. माउथवॉश किटण काढत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा असेल तर स्वतःच्या मनाने महिनोन् महिने वापरू नका, दातांवर डाग पडतात आणि चव बदलते.

---

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझा अनुभव जोडतो. मी १५ वर्षं सिगरेट ओढत होतो आणि माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त आलं नाही, म्हणून मला वाटायचं माझं छान आहे. नंतर कळलं की तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो म्हणून रक्त येतच नाही, आत मात्र आजार चालूच असतो. माझ्याकडे ६ मिमीचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खोल फटी, निघाले. म्हणजे ओढणाऱ्यांनी रक्ताची वाट बघूच नये. शिवाय त्याच सुमारास मला डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की साखर जास्त असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, दोन्ही एकमेकांना ओढतात. तुम्ही एकदा साखर तपासून घ्या.

---

प्रतिसाद ३

प्रेग्नंट नाही ना? मला तिसऱ्या महिन्यात असंच व्हायचं, हॉर्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात म्हणाले. आणि बीपीच्या, फिटच्या काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात, काही औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रेग्नंट नाही, गोळ्या कसल्याच नाहीत, साखर तपासली, नॉर्मल आहे.

तीन आठवड्यांनी लिहितेय. जाऊन आले. ती काडीने मोजणी केली, डॉक्टर आकडे बोलत होते आणि मदतनीस लिहून घेत होती, दोन तीन दोन, तीन दोन तीन, आणि मी खुर्चीत पडून नुसती ऐकत होते. बहुतेक सगळीकडे ३ च्या आतच. खाली डावीकडच्या शेवटच्या दोन दाढांच्या मधे मात्र ५. म्हणजे मी ज्यांना ब्रश लावत नव्हते त्याच. एक्सरेत तिथे हाड थोडं कमी दिसलं, बाकी ठिकाणी नुसती सूज आहे. सगळं किटण काढलं, त्या दोन दाढांपाशी हिरडीच्या आत मुळापर्यंत साफ केलं, तिथे भूल दिली होती म्हणून कळलं नाही. चार दिवस गार पाणी झोंबलं, आता नाही. तीन महिन्यांनी परत मोजणार आहेत. घरात आईला हा आजार असल्यामुळे मला धोका जास्त हे त्यांनीही सांगितलं.

आता बेसिनमधलं पाणी स्वच्छ असतं. त्या दाढांच्या मधे बारीक ब्रश घालायला पहिले काही दिवस रडकुंडीला आले, आता अर्ध्या मिनिटात होतं.

प्रतिसाद २ वाल्या दादांना विशेष सांगायचंय, माझा धाकटा भाऊ सिगरेट ओढतो आणि मी त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला मला कुठे रक्त येतं. त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. काही बोलला नाही, पण शनिवारची माझ्याच डॉक्टरांची वेळ घेतलीये त्याने.