मदत हवी आहे: आठ वर्षांच्या मुलीचा मायनस नंबर वर्षभरात दुप्पट झाला

मोगरी_फोंडा:

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी सांगितलं की फळ्यावरचं उतरवताना ही शेजारणीच्या वहीत बघते. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना उणे १ निघाला. परवाच्या तपासणीत उजव्याला उणे २, डाव्याला उणे २.२५. चष्मा घालूनसुद्धा समोरून येणाऱ्या कदंब बसच्या पाटीवर पणजी लिहिलंय की मडगाव, हे बस अगदी पुढ्यात येऊन उभी राहीपर्यंत तिला कळत नव्हतं. म्हणून तर नेलं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, सारखा चष्मा लावल्यानेच नंबर वाढतो, फक्त शाळेत लाव. शेजारच्या काकूंनी गाजर आणि शेवग्याचा पाला सुचवला. नवऱ्याचा सगळा राग मोबाइलवर. पण मोबाइल तिच्या हातात फारसा नसतो. सुटत नाही ते पुस्तक. सोप्यावर पालथी पडून वाचते, पुस्तक नाकापासून वीतभरही लांब नसतं. वाचणाऱ्या पोरीला वाचू नकोस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला चष्मा दहावीनंतर लागला, उणे दीडवर थांबला. हिने आठव्या वर्षीच मला मागे टाकलं, याची फार काळजी वाटते. जिथे तपासलं तिथे हनुवटी यंत्रावर टेकवली, कागद बाहेर आला, झालं. डोळ्यांत थेंब वगैरे काही घातले नाहीत. का वाढला विचारलं तर "या वयात वाढतोच" एवढंच उत्तर. मग दुकानात नंबर वाढू न देणाऱ्या काचा म्हणून दाखवल्या, साध्या काचांच्या कितीतरी पट किमतीच्या. त्यांचा खरंच उपयोग होतो का? रोज रात्री घालायचे थेंब असतात असंही ऐकलं, ते इतक्या लहान वयात द्यावेत का? आणि सगळे सांगतात उन्हात खेळव. जून ते सप्टेंबर आमच्याकडे अंगणात शेवाळ आणि मैदानात पाणी, तेव्हा काय करायचं? कुणाच्या मुलांना असं झालं असेल तर कृपया लिहा.

दिठी:

ताई, मी डिचोलीत डोळे तपासण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंची शंका. चष्म्याने नंबर वाढत नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा द्यावा असाही एक जुना समज आहे. मलेशियात तो तपासून पाहिला गेला. २००२ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढलेला निघाला. त्यामुळे चष्मा पुऱ्या नंबरचा आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत.

नंबर वाढतो कारण डोळा मागच्या बाजूला लांब होत जातो. जन्मलेल्या बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास. ही वाढ वेळेत थांबली नाही की लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अंदाजे अडीच ते तीन नंबर. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून गाजराने किंवा शेवग्याने नंबर उतरत नाही. दोन्ही जरूर खाऊ द्या, पण नंबरासाठी नव्हे. आपल्या हातात आहे ते वाढीचा वेग कमी करणं. उणे ६ च्या पुढे गेलेल्या डोळ्यांना मोठेपणी पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. पुढे लेसर करू म्हणाल, तर लेसरने चष्मा जातो; डोळ्याची लांबी आणि तो धोका तसाच राहतो.

तुमच्या लिहिण्यात मला खटकलं ते थेंब न घातल्याचं. लहान मुलं यंत्रात बघताना डोळ्यातला स्नायू आवळून धरतात, आणि नसलेला मायनसही कागदावर उमटतो. बसची पाटी दिसत नव्हती म्हणजे काही वाढ झालेली असणारच, पण या दुप्पट नंबरातला खरा किती, हे थेंब घालून स्नायू सैल केल्याशिवाय सांगता येणार नाही. नवा चष्मा त्यानंतरच करा. शिवाय डोळ्याची लांबी मोजून मागा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ज्या यंत्रावर मोजतात, त्यावरच होतं. दर सहा महिन्यांनी तो आकडा वहीत लिहून ठेवा. औषध लागू पडतंय की नाही ते नंबरापेक्षा त्यावरून नीट कळतं.

त्या काचा भूलथापा नाहीत. मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवताली बारीक बारीक भिंगांची नक्षी असते. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांच्या चाचणीत अशा एका काचेने नंबराची वाढ साध्या काचेच्या तुलनेत निम्म्यावर आणली. मात्र फ्रेम नाकावरून घसरत असेल तर पैसे वाया, कारण मुलीने त्या काचेच्या मध्यातून बघायला हवं. परवडत नसेल तर मन खाऊ नका, थेंबांचा मार्ग आहे. अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब, रोज झोपताना. हाँगकाँगच्याच चाचणीत ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्के यांपैकी ०.०५ सर्वांत चांगलं चाललं. ०.०१ बद्दल मात्र सगळे निकाल जुळत नाहीत. अमेरिकेत २०२३ च्या एका चाचणीत त्याचा काहीच फरक दिसला नाही. कोणतं प्रमाण द्यायचं ते मुलांचे डोळे बघणारे डॉक्टर ठरवतील. दुकानातून परस्पर आणू नका आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, बंद केल्यावर नंबर उसळी मारू शकतो.

वाचन बंद करू नका. फक्त पालथं पडून नको. कोपरापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं पुस्तक लांब, पाठ टेकून, उजेडात. अर्ध्या तासाने उठून माडाच्या शेंड्याकडे बघायला सांगा.

म्हापशेकर_आई:

मोगरीताई, आमच्या मुलाला रात्रीचे थेंब चालू आहेत. सुरुवातीला उन्हात डोळे दिपतात म्हणायचा, टोपी दिली, मग सवय झाली.

पावसाबद्दल सांगते. बाहेर जायचं ते उन्हासाठी नाही, उजेडासाठी. आभाळ भरलेलं असलं तरी उघड्यावर घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. आम्ही रेनकोट, गमबूट घालून शाळेतून चालतच आणतो. उघडीप मिळाली की अभ्यास तसाच टाकून बाहेर, गृहपाठ काळोख पडल्यावर. चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर रानफळं, पानं बांधतात ती) सामान गोळा करायला मामांबरोबर रानात पाठवते, सबंध दिवस जातो. जळवांचं तेवढं बघायला लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. म्हणजे नंबर लागू नये म्हणून बाहेर खेळण्याचा चांगला उपयोग आहे. लागलेला नंबर रोखायला त्याची एकट्याची ताकद कमी पडते. धाकटं भावंड असेल तर त्याला आजपासूनच बाहेर काढा.

कुळागर:

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे, तिथे दाखवता येईल. जुना चष्मा आणि दोन्ही वेळचे कागद घेऊन जा. आणि पहिल्या बाकावर बसवायला बाईंना सांगा, नवा चष्मा मिळेपर्यंत तरी.

मोगरी_फोंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दिठीदादा, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. आता त्या स्वतःच चष्मा घाल म्हणून तिच्या मागे लागल्यात. धाकटा आहे, चार वर्षांचा, त्यालाही दाखवून घेते. एकच विचारायचं राहिलं: तपासणीचे थेंब घातले की दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवता येतं का? पुढच्या आठवड्यात चाचण्या आहेत.

दिठी:

थेंब कुठला त्यावर आहे. सायक्लोपेंटोलेटचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो, होमॅट्रोपिनला एक ते तीन दिवस लागतात. अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी लावायला दिलं तर आठवडा ते दोन आठवडे जवळचं धूसर दिसेल, अक्षरं लागणार नाहीत. चाचण्या आटपल्या की जा, आणि आधीच विचारून घ्या की थेंब कुठला. घरी परतताना उन्हाने डोळे दिपतील, टोपी बरोबर ठेवा. धाकट्याला त्याच दिवशी न्या, चौथ्या वर्षी नंबर नसला तरी एकदा बघून घेतलेलं बरं.