मदत हवी आहे: अमेरिकेतल्या हॉन्टेड हाउसचे रिव्ह्यू कितपत धरायचे?

साखरझोप
हॉन्टेड हाउस, थोडक्यात हॉन्ट, म्हणजे हॅलोविनच्या सीझनला तिकीट काढून घाबरायला जायचं घर, आत भुतं झालेले नट असतात. पूर्व पेनसिल्वेनिया किंवा न्यू जर्सीत, ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी जायचंय. आठ जण, त्यात दोन मुलं तेरा-चौदाची. तिकिटं परत होत नाहीत, म्हणून आधीच विचारतो.

१. एका ठिकाणाला येल्पवर (रिव्ह्यूंची साइट) भरभरून तारे आहेत, पण निम्मे रिव्ह्यू सीझनच्या पहिल्या आठवड्यातले.
२. 'टॉप टेन' याद्यांच्या साइटवर त्याच हॉन्टच्या जाहिराती झळकतायत.
३. एका ठिकाणी 'पाच तारे दाखवा, टी-शर्टवर सूट घ्या' असा फलक आहे, असं रिव्ह्यूंमध्येच लिहिलंय. हे चालतं?

शिवाय पुतण्याच्या मराठी यूट्यूब चॅनेलला मीडिया नाइटचं फुकट आमंत्रण आलंय. त्याने व्हिडिओत काय सांगायला हवं?

रातकिडा
पहिल्या आठवड्याचं कारण बहुधा मीडिया नाइटच. चॅनेलवाले, ब्लॉगवाले आणि नटांची मित्रमंडळी त्या रात्री फुकट आत सोडतात. ते खोटंच लिहितात असं नाही, त्यांना दिसलेला खेळच वेगळा असतो.

हिशोब करा. सहा जणांचा गट दर दीड मिनिटाने सोडला तर तासाला २४० माणसं आत जातात. गर्दीच्या शनिवारी तेच गट वीस-वीस सेकंदांनी सोडले तर १,०८०. दाराआडून अंगावर येणाऱ्या नटाला दार ओढून पुन्हा लपायला वेळ लागतो. तो पुढच्या गटावर झडप घालतो ते तुम्ही मागून बघता, आणि तुम्ही पोचता तेव्हा बिचारा कडी लावत उभा! एकामागे एक चिकटून चाललेल्या गटांच्या या रांगेला तिकडे कोंगा लाइन म्हणतात.

म्हणून रिव्ह्यूंच्या सर्चमध्ये 'कोंगा', 'लाइन', 'वेट' हे शब्द इंग्रजीत टाका आणि दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचा. गुगलवर नेमकी तारीख दिसत नाही, नुसतं 'वर्षापूर्वी' असतं, तेव्हा मजकुरात वार शोधा. येल्पवर तारीख असते. जमत असेल तर शनिवार सोडून गुरुवार किंवा रविवार घ्या, तेही वेळेच्या स्लॉटचं तिकीट.

टाचणी
नावावर टिचकी मारून त्या खात्याचे बाकीचे रिव्ह्यू बघा. हॉन्टच्या मालकाचं भोपळ्यांचं शेत, मक्याचा भूलभुलैया, एस्केप रूम असं काहीतरी जोडीला असू शकतं. एकाच खात्यावरून या सगळ्यांना पाच तारे आणि तासाभरावरच्या दुसऱ्या हॉन्टला एक, असं दिसलं तर ते खातं हिशोबात धरू नका.

भाषेवरूनही वास येतो. गिऱ्हाईक लिहितं, 'शेवटचा चेनसॉवाला भारी होता'. 'ॲनिमेट्रॉनिकचं (हलणाऱ्या यांत्रिक भुताचं) टायमिंग', 'प्रॉस्थेटिकच्या (चेहऱ्यावर चिकटवलेल्या नकली कातडीच्या) कडा' हे धंद्यातल्या माणसाचं बोलणं. पण हा पुरावा नव्हे. तिकडे हॉन्टचे हौशी भक्तही असंच बोलतात, उगाच कोणावर आरोप नको.

याद्यांच्या साइटवर खाली 'जाहिरात द्या' हे पान असतं, ते उघडा. 'फीचर्ड' जागेचा दर तिथेच लिहिला असेल तर वरचे नंबर कसे लागले ते कळेल. तिकिटाच्या बटणावर बोट दाबून धरलं की पूर्ण लिंक दिसते. तिच्या शेपटीला 'रेफ' किंवा 'ॲफ' असेल तर बहुधा विक्रीमागे कमिशन आहे.

पानपट्टी
मुलांबद्दल: नट अंगाला हात लावतात का आणि सहीचा वेव्हर (काही झालं तर हॉन्टला जबाबदार धरणार नाही असा कागद) आहे का, हे हॉन्टला फोन करून विचारा. याबाबत रिव्ह्यूंवर विसंबू नका.

कलमवाला
'पाच तारे दिले तरच सूट' हे एफटीसीच्या (अमेरिकन सरकारचं ग्राहक संरक्षण बघणारं खातं) खोट्या रिव्ह्यूंविरुद्धच्या नियमाने बंद आहे. तो २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. 'रिव्ह्यू कसाही द्या, सूट घ्या' हे त्या बंदीत येत नाही, पण गुगल मॅप्सच्या धोरणात बक्षिसाच्या बदल्यातला कुठलाच रिव्ह्यू बसत नाही. फलकाचा फोटो काढा, रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांतून रिपोर्ट करा, आणि एफटीसीच्या 'रिपोर्ट फ्रॉड' साइटवर तक्रार टाका.

वेव्हरमध्ये 'वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही' अशी ओळ असली तरी घाबरू नका. २०१६ च्या कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्टनुसार छापील करारातली अशी अट रद्दबातल ठरते. आत फोटो काढायला मनाई ही वेगळी गोष्ट, ती पाळावी लागते.

साखरझोप
पुतण्या दुसऱ्या एका हॉन्टमध्ये वीकेंडला झॉम्बी होतो. पगार नाही, स्वयंसेवक आहे. तेही सांगायचं?

कलमवाला
हो. प्रश्न पगाराचा नाही, नात्याचा आहे. स्वतःच्या हॉन्टला त्याने तारे देऊच नयेत. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर तो त्यांचा स्पर्धक ठरतो, म्हणजे गुगलवर तिथेही नको. व्हिडिओ करू दे, पण दोन्ही गोष्टी उघड करून.

नुसतं 'अमक्यांचे आभार' पुरत नाही. खालच्या वर्णनात लपवलेली ओळही पुरत नाही, कारण बरेच जण ते उघडतच नाहीत. सुरुवातीलाच तोंडाने सांगायचं आणि पडद्यावरही लिहायचं. व्हिडिओ मराठीत असेल तर हेही मराठीतच, शिफारस ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा अशी एफटीसीची अपेक्षा आहे. असं चालेल: 'या हॉन्टने मला तिकीट फुकट दिलं. मी स्वतः दुसऱ्या हॉन्टमध्ये काम करतो. आज मीडिया नाइट होती, गर्दी नव्हती.'

रातकिडा
शेवटचं वाक्य अजिबात गाळू नकोस म्हणावं. आणि त्या रात्री दोन गटांत किती सेकंद सोडतात ते मोबाइलवर मोजून व्हिडिओत सांगितलं तर आम्हीही बघू.